मांजराचा दात आणि कुत्र्याची जीभ

देव माणसांना भीती वाटून द्यायला बसला तेव्हा आमच्या शेजारच्या अक्का मागावरून उठल्याच नसाव्यात, कारण त्यांच्या वाट्याला ती मुळीच आली नाही. नवराबायकोचा हातमाग. खळ दिलेलं सूत उंदीर कुरतडतात म्हणून मांजरं पाळलेली, आणि मांजरं माजू नयेत म्हणून दारात कुत्रा. उरलेल्या जागेत माणसं राहत. मांजर ताटात एका बाजूनं खाई, अक्का दुसऱ्या बाजूनं. मी नाक मुरडलं तर म्हणाल्या, "तिचं तोंड तुमच्यापेक्षा बरं हाय की वैनी, कुणाच्या चुगल्या सांगत न्हाय."

एकदा मांजराचं पिल्लू मागाखालच्या खड्ड्यात पडलं. विणणारा पाय सोडून बसतो, तो खड्डा. अक्कांनी काढायला हात घातला आणि पिल्लाच्या आईनं त्यांच्या उजव्या करंगळीत दात रुतवले. रक्त थेंबभर. मी म्हटलं, गरम पाण्यानं, साबणानं धुवा. पण अक्कांचं शास्त्र वेगळं: कुत्रा मांजराचा वैरी, तेव्हा मांजराचं विष उतरवायचं तर कुत्र्याच्या जिभेनंच. कुत्र्याला जखमेत गोडी वाटेना, म्हणून वर गूळ चोळला. मग त्यानं मनापासून उपचार केला.

दुसऱ्या दिवशी पंजा सुजून टम्म, कोपरापर्यंत लाल रेघ, अंगात सणसणून ताप. मी त्यांना टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जनावरांच्या तोंडातले जंतू हाडापर्यंत गेलेत. करंगळी काढली नाही तर हात जाईल, कदाचित जीवही. अक्कांनी एवढंच विचारलं, "गाठ मारायची बोटं ऱ्हातील न्हवं?" राहतील म्हटल्यावर कासारापुढे बांगड्या भरायला धरावा तसा हात पुढे केला. मी पुष्कळ बाळंतपणं निभावलेली बाई, पण त्या दिवशी भिंतीकडे पाहत बसले.

परतताना मी म्हटलं, आता ते मांजर हाकला. "का? पोर राखलं तिनं. मी असते तर मीबी चावले असते."

बोट गेलं, हात वाचला, पण ताठरला. तुटलेला धागा जोडता येत नसेल तर विणकरणीनं मागावर बसून करायचं काय? आणि अक्का बसल्या. धागा तुटे, गाठ निसटे, पुन्हा मारत. मी ताक घेऊन गेले होते, ते हातातच राहिलं. शेवटी गाठ बसली. त्यांनी वर पाहिलंही नाही.

त्या वेळी मागावर असलेलं लुगडं मी घेतलं. अक्का गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा बोहारणीला द्यायला ते काढलं आणि उलट बाजूवरून हात फिरवला. अर्ध्यापर्यंत गाठी मोहरीएवढ्या बारीक, पुढे जाड, वेड्यावाकड्या, पण एकही सुटलेली नाही. बोहारणीला दुसरं दिलं.