माझे कोरडेठाक बूट

चहा घ्या, सांगतो. फक्त एक करा, हे तिकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आपल्या मंडळींपर्यंत पोचवू नका. तिकडे अजून दोनचार घरांत मला बुटांमधला जाणकार समजतात.

२००४ चा हिवाळा असेल. ऑफिसात माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये डेल नावाचा सॉफ्टवेअर टेस्टर बसायचा. मितभाषी माणूस, पण बदकांच्या शिकारीचा भयंकर नाद. एकदा लंचला म्हणाला, शनिवारी चल माझ्याबरोबर, बंदूक मी चालवीन, तू नुसतं बघ. आता आमच्या नागपूरच्या घरात अंडंसुद्धा गच्चीवर नेऊन उकडायचे. तरी मी हो म्हणालो. का? अहो, अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली होती, आणि एकाही अमेरिकन माणसाने मला ऑफिसबाहेर कुठे बोलावलं नव्हतं.

त्याने एकच गोष्ट बजावली होती. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घे, साचलेल्या पाण्यात दुसरं काही चालत नाही.

रबरी बूट म्हणजे आपले गमबूट हो. ते घालून फोटो काढला आणि नागपूरला पाठवला तर आईला वाटायचं, पोराने आयटी सोडून म्हशी घेतल्या. मी आठवडाभर इंटरनेट पालथं घातलं आणि लेदरचे, लेसवाले, घोट्याच्या जरा वर येणारे रुबाबदार बूट आणले. आतून असं अस्तर, की पाणी शिरायची बिशाद नाही. हायकिंगलाही चालणार, शिकारीलाही. ऑफिसात मी त्या अस्तराची थिअरी इतक्या वेळा समजावली, की माझा मित्र सुहास जाऊन तस्सेच बूट घेऊन आला.

घरी टेस्टिंगही केलं. बाथटबमध्ये थोडं पाणी भरलं आणि बूट घालून आत उभा राहिलो. पाय एकदम कोरडे. बायको, अनघा, दारात उभी राहून बघत होती.

"आणि वरून आत आलं तर?" तिने विचारलं.

"वरून कुठून येणार? शनिवारी पाऊस नाहीये."

शनिवारी पहाटे डेल पिकअप घेऊन आला. मागच्या सीटवर त्याची म्हातारी लॅब्रेडॉर कुत्री. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. तासाभराने एका रानात पोचलो. झाडं जागच्या जागी उभी, आणि खाली सगळीकडे पाणी. डेल कुत्रीला उचलून घेऊन आत उतरला, मागून मी. दुसऱ्याच पावलाला पाणी पिंडरीपर्यंत आलं आणि बुटाच्या काठावरून, कुणी तांब्याने ओतावं तसं, आत गेलं.

ते पाणी किती गार होतं म्हणून सांगू? माझी बोटं आहेत की गेली, तेच कळेना. पुढे एका उंचवट्यावर आम्ही बसलो. डेल म्हणाला, "पाय कसे आहेत?"

आता इथे खरं सांगून टाकायचं की नाही? मी म्हणालो, "कोरडेठाक."

"छान. माझ्या डाव्या बुटाला चीर गेलीय. आत पाणी आलंय." किती सहज सांगितलं बघा त्याने.

मग त्याने एक बदक पाडलं. ते पडलं लांब पाण्यात. आणायचं काम खरं कुत्रीचं, पण तिचे सांधे धरले होते, ती चादरीत गुंडाळून बसली होती. डेलने तिच्याकडे पाहिलं, स्वतःच्या बुटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तुझे बूट कोरडे आहेत, तर आणतोस का, म्हणाला.

गेलो. दुसरं पडलं, तेही आणलं. पाण्यावर फसवायला ठेवलेली प्लास्टिकची बदकं वाहत चालली, ती धरून आणली. प्रत्येक फेरीनंतर तो पाय कसे आहेत विचारी आणि मी कोरडेठाक म्हणे. कुत्री चादरीतून माझं काम बघत होती. जरा बसून बूट रिकामे करावेत, तर तो समोरच.

परतताना पिकअपचा हीटर लागला आणि बुटातलं पाणी कोमट झालं. एवढंच काय ते सुख. म्हटलं, आता घरापाशी उतरायचं, टाटा करायचं आणि सुटायचं.

पण अनघा दारातच उभी. डेलला म्हणाली, असे कसे जाता, चहा घेऊनच जा. तो आला, आणि बाहेर चपला बघून शहाण्यासारखे बूट काढायला बसला. मी तसाच उभा. मला थोडं बाहेरच काम आहे, असं काहीतरी पुटपुटलो.

"घाणेरडे बूट घालून कुठे उभा आहेस? काढ आधी," अनघा म्हणाली. माझ्या बधिर बोटांना गाठ सुटेना, तेव्हा तिनेच लेस सोडली आणि बूट ओढला.

आतून मोठा लोंढा आला. पायपुसणं वाहून भिंतीला लागलं. डेलचा कोरडा राहिलेला उजवा मोजाही भिजला.

डेलने दुसऱ्या बुटाकडे बोट केलं. अनघाने तोही ओढला. तेवढंच पाणी.

मग डेल मान डोलावत म्हणाला, "बूट खरंच चांगले आहेत. सकाळपासून एक थेंब गळला नाही."