आयतं जेवण

पूर ओसरला तसे आम्ही मोठमोठी पातेली घेऊन त्या गावात पोचलो. अख्खं गाव शाळेत मुक्कामाला होतं. दिवसातून तीनदा आम्ही शहरातल्यांनी रांधायचं आणि गावाने पंगतीत बसून जेवायचं, असं आमच्या मदत पथकाच्या प्रमुखांनी ठरवून टाकलं होतं.

पाचव्या दिवशी पंगतीतल्या एका मावशींकडे लक्ष गेलं. पुढ्यात खिचडी निवत होती आणि त्यांचा तळवा मांडीवर हलकेच थापट्या मारत गोल फिरत होता. भाकरी थापत होत्या त्या, पीठ नसताना.

"मावशी, जेवत का नाही?"

"जेवते की. पर सारखं आयतं खाऊन दुखणाईत माणसागत वाटतंय बघ."

मी प्रमुखांना म्हटलं, बायकांना चूल मांडू द्या. तर म्हणाले, "अहो, एवढं सोसलंय त्यांनी. आराम करू दे."

डोक्यात तिडीकच गेली. आराम मागितला होता कोणी? मदत करणाऱ्यांना माणसं अशी हात बांधून बसलेलीच का आवडतात, कोण जाणे! आणि मी तरी काय, पाच दिवस हौसेने डाव फिरवतच होते की.

कुणाला न विचारता पीठ, परात आणि तवा मावशींना नेऊन दिला. त्यांनी विटांची चूल मांडली. पहिली भाकरी उतरली तशी ती माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "घे पोरी, तू बी दमलीस."

हात पुढे करताना मला केवढं अवघडल्यासारखं झालं. ही बाई पाच दिवस, दिवसातून तीनदा, तेच करत होती.