दिवसाला दहाच पत्रं पाठवायला लावणारे शेडगे सर

त्या दिवशी सगळ्यांत आधी आली ती शेजारची रखमा, आणि तीही टोमणा मारायला. "काय गो, आज किती पावणं?" पावणं कुठलं! गडाखालच्या हिरकणीवाडीत आमच्या घरगुती खाणावळीच्या दोन्ही खोल्या महिनाभर रिकाम्या. तिच्यामागून गड उतरून आले ते शेडगे सर. त्यांनी पिठलं-भाकरी मागितली. सरांची नि माझी ओळख ती अशी, चुलीपाशी. आता त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली, महाडचे त्यांचे विद्यार्थी पुस्तक काढतायत, त्यात चौथी शिकलेल्या म्हातारीनंही लिहावं म्हणाले. मला कोण आनंद झाला!

सर महाडला कॉम्प्युटर शिकवतात. खोल्या रिकाम्या का, असं त्यांनी विचारलं नि माझी सून सुनीता रडायलाच लागली. राहून गेलेल्या पाहुण्यांचे ईमेलचे पत्ते आमच्या वहीत होते, तीनशेच्या वर. तिनं महाडला जाऊन खाणावळीच्या नावानं नवा पत्ता उघडला नि एका दिवसात सगळ्यांना 'या' म्हणून कळवलं. सल्ला माझाच. आमच्याकडे लग्नाचं आवतण एकाच दिवशी घरोघर पोचावं लागतं, एखादं घर उद्यावर गेलं की ते रुसतं. पण इथं एकाचंही उत्तर नाही. मुंबईहून मुलाचा फोन आला, "आये, शिमग्याला येतो. तवर खोल्या भरल्या नाय तर कुलूप लावू, दोघी चला इकडं." मला या दारातून कुठं जायचं नाही हो.

सर हसले नाहीत. म्हणाले, "आजी, नवा पत्ता म्हणजे अनोळखी माणूस. पहिल्याच दिवशी तीनशे दारं ठोठावली तर चोर समजतात. तुमची पत्रं स्पॅममध्ये गेली, नको त्या टपालाच्या ढिगात. आता दिवसाला दहा, तीही तुमची आठवण ठेवणाऱ्यांना. उत्तरं आली तर वाढवू."

"दहानं काय होतंय सर? शिमगा आला!" सुनीता म्हणाली.

"अकरावं नको, सुनीता."

सर शब्दाचे असे पक्के. आठवड्यात उत्तरं आली दोन. पुढच्या आठवड्यात तीन. पत्रांचा आकडा दहावरच. सुनीता जेवेना. रखमेनं तर पाहुण्यांचं विचारणंच सोडलं, ते टोमण्याहून जास्त लागलं.

पण वहीत ज्यांचे फोन नंबर होते, त्यांना सरांनी स्वतः फोन लावले. "स्पॅममध्ये बघा, हिरकणीवाडीच्या आजींचं पत्र असेल, तेवढं बाहेर काढा नि दोन ओळी उत्तर द्या." सुनीता रोज महाडला त्यांच्या क्लासात जाऊन पत्रं पाठवायची; संध्याकाळी क्लास बंद करून तिची एसटी सुटेपर्यंत ते स्टँडवर उभे राहायचे. सख्खं कोण एवढं करतंय?

खोटं कशाला लिहू, मला आशा वाटत नाही. आकडा आत्ता कुठं पंधरावर आलाय. आलं ते एकच कुटुंब. जाताना त्यातली बाई म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी आणखी चार घरं घेऊन येतो." जाताना सगळेच म्हणतात.

सरांचे गुडघे शाबूत राहोत, पंच्याहत्तरीलाही त्यांनी गड उतरून भाकरी मागावी, आणि तेव्हा माझी चूल इथंच पेटलेली असावी. मुलानं कुलूप आधीच पाठवलंय. त्याच्या खोक्यावर मी त्या पाहुण्यांनी परत यायचा म्हणून सांगितलेला दिवस लिहून ठेवलाय, शिमग्याच्या महिनाभर आधीचा: माघ पौर्णिमा.