डिझेलचा एक थेंबही गळत नव्हता

मंडळी, आजच घडलेलं लिहितो.

सकाळी दादांना, म्हणजे वडलांना, डायलिसिससाठी गारखेड्याच्या हॉस्पिटलात घेऊन निघालो. चितेगावजवळ गाडी आचके देत बंद पडली. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन काही धरेना. दादांचे पाय आधीच सुजलेले, त्यात त्यांना धाप लागली.

समोरच्या गॅरेजातले सलीमभाई धावत आले. म्हणाले, "डिझेल में हवा जा रही है."

मी चिडलो. "अहो, खाली एक थेंब नाय! लीक असतं तर गळलं नसतं का?"

"गळायला कशाला पाहिजे? पंप डिझेल ओढतो. फट मिळाली की हवा ओढतो."

त्यांनी फिल्टरच्या पुढं पारदर्शक नळी जोडून स्टार्टर मारायला लावला. नळीत नुसते बुडबुडे!

खिडकीतून दादा म्हणाले, "आमच्या मशीनीत असा बुडबुडा दिसला की सिस्टर पळत येती."

फिल्टर रविवारी मीच बदलला होता. रबरी रिंग मात्र जुनीच पुसून बसवलेली, तिथूनच हवा शिरत होती. नवी डॅशबोर्डात जपून ठेवलेली! तीच बसवून सलीमभाईंनी फिल्टरवरच्या छोट्या हातपंपानं हवा काढली आणि गाडी सुरू झाली. उशीर झाला, पण दादांना डायलिसिसची मशीन मिळाली.

नवं जपून ठेवायची ही खोड तुमच्याकडंही आहे का?

परतताना दादांनी विचारलं, "नवी असताना जुनी का लावली रं?"

"चांगली दिसत होती, दादा."

"दिसायला काय, मीबी चांगलाच दिसतो."