विहिणीचे पाय

मी एकदा एक मूर्खपणा केला. होणाऱ्या विहिणीला माझी रात्रीची गोळी खायला दिली. भर दुपारी, पोह्यांबरोबर, हसत हसत.

नातीला हे सांगितलं की ती म्हणते, "आजी, तू डेंजर आहेस." डेंजर कसली. तेव्हाची मी म्हणजे एक नंबरची भित्री बाई.

आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत राहायचो. एक खोली, बाहेर सगळ्यांची मिळून गॅलरी. मला मनाचा आजार. डिप्रेशन म्हणतात ते. ऐकायला हलकं वाटतं. मी दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचे आणि गॅलरीतल्या बायका माझ्या मरणाची वाट बघतायत, हे मला कानाने ऐकू यायचं. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या, मग मी उठले. भाकऱ्या थापायला लागले. पण चाळीत सांगायचं काय? मी काय केलं, गोळ्या पाकिटातून काढून बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीत भरल्या. बाटली फ्रिजवर. कुणी विचारलं तर अशक्तपणा. केवढी हुशार मी.

माझी मुलगी मंजू. तिचं ऑफिसातल्याच मुलाशी जमलं होतं, निखिलशी. गिरगावातलं जुनं घराणं. वाडीत स्वतःचं घर, वडील वकील, आई कॉलेजात शिकवून निवृत्त झालेली. ती मंडळी पहिल्यांदा आमच्या खोलीत आली. दोन घास खाऊन निखिलची आई म्हणाली, "तोंड आलंय हो माझं, फार झोंबतंय." मग तिची नजर फ्रिजवर गेली. "ती बी-कॉम्प्लेक्स ना? एक द्या बघू."

नाही म्हणायचं, तर का ते सांगावं लागलं असतं. मी झाकण उघडलं. तिच्या तळहातावर गोळी ठेवली. वर म्हटलं, "पाणी देते हं."

हॉल दादरला घ्यायचा की गिरगावात, हे बोलणं चालू असताना बाई बसल्या बसल्या कलंडली. मांडीवर पर्स, तोंड उघडं. तिला खुर्चीत बसवून खुर्चीसकट जिन्यावरून खाली नेली. सगळी चाळ कठड्याला. जिन्यात मी तिच्या नवऱ्याचा हात धरून सांगितलं, "माझी गोळी गेली त्यांच्या पोटात. मनाच्या आजाराची." तेवढी अक्कल शिल्लक होती, म्हणून डॉक्टरला खरं कळलं. ती दुसऱ्या दिवशी जागी झाली, धडधाकट.

पुढच्या आठवड्यात आम्हाला गिरगावला बोलावणं आलं. मी दारातच हात जोडले. चूक माझी होती, जिवावर बेतलं असतं. त्याबद्दल ती जे बोलेल ते मी ऐकून घेणारच होते. पण गोळीचं एका वाक्यात संपलं. मग माझ्या आजाराचं सुरू झालं.

"आम्ही शिकलेली माणसं आहोत. आजाराला नावं ठेवणाऱ्यातले नाही," ती म्हणाली. "पण आमच्याकडे पाच पिढ्यांत वेड नाही. तुमच्या घरात ते आहे. आणि तुम्ही ते झाकून मुलगी देत होतात."

आमचे हे जमिनीकडे बघत होते. निखिल चष्मा पुसत होता. पुसून झालेला चष्मा परत पुसत होता.

"निखिल हट्टाला पेटलाय, म्हणून लग्न होईल. पण ह्या मांडवात नकोत." ती ह्यांच्याशी बोलत होती. मी समोर बसलेली, तरी 'ह्या'. "कन्यादान तुमचे भाऊ-भावजय करतील. लोकांना सांगू, ह्या गावी आहेत, गुडघ्यांचं दुखणं आहे."

"चालेल," हे म्हणाले.

आता ऐका, मी काय विचारलं. स्वतःच्या मुलीच्या मांडवातून मला काढलं होतं आणि मी विचारलं, "मग विहिणीचे पाय?"

आमच्यात मुलीची आई मुलाच्या आईला पाटावर बसवते, तिचे पाय धुते, पुसते, हळदकुंकू लावते. मी त्यासाठी नवीन तांब्या आणला होता, घासून ठेवला होता.

"ते पण तुमच्या जाऊबाई करतील," ती म्हणाली. "तुमच्या हातचं पाणी नको मला."

मीसुद्धा म्हणाले, "चालेल."

घरी येईपर्यंत बसमध्ये रडले. मांडवासाठी रडले असते तर एक वेळ ठीक. मी रडले ते पाय धुवायला मिळणार नाहीत म्हणून. बसमध्ये रडणाऱ्या त्या तेव्हाच्या माझ्या शेजारी आज मला बसता आलं ना, तर कोपर मारून म्हणेन, अगं बये, सुटलीस, हस की. पण तिला हसू येत नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की आपले हात घाण आहेत.

मग मी ठरवलं, बरी होऊन दाखवायचं. बरी म्हणजे बिनगोळीची. बाटली मोरीत उपडी केली. सुरुवातीला डोकं हलकं झालं. बघा, म्हटलं, मला काही झालेलंच नव्हतं.

मग झोप गेली. मग जेवण. केसांत फणी घालायला हात उचलेना. गॅलरीतल्या बायका परत बोलायला लागल्या, ह्या वेळी मंजूचं नाव घेऊन. हे विचारायचे, "काय होतंय?" मी म्हणायचे, "लग्नघर आहे, दमायला होतं." घरात कुणाला कळलं नाही. मीच कळू दिलं नाही, त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

एका दुपारी मंजूची लग्नाची साडी मांडीवर घेऊन बसले होते. फॉल लावायचा होता. सुईत दोरा ओवत होते, ओवत होते, जाईना. आणि मला अगदी शांत वाटलं. आपण नसलो तर सगळंच सोपं होईल. गावी गेलीय असं खोटं पण सांगावं लागणार नाही कुणाला. मी साडीची घडी घातली. उठले. दाराला कडी घातली.

मंजू त्या दिवशी ऑफिसातून लवकर आली. दार वाजवत राहिली. "आई. आई, उघड." मी कडी काढली. का काढली, ते मला आजही सांगता येत नाही.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चप्पलसुद्धा न काढता मला इस्पितळात नेलं.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी."

"का?"

"पाय धुवायचे होते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणाचे?"

"विहिणीचे."

 शेजारी मंजू बसलेली. ते वाक्य मी मोठ्याने बोलले होते आणि आता ते माझं मलाच ऐकू आलं. एका बाईचे पाय धुवायला लायक ठरावं, म्हणून मी मरायला निघाले होते. माझ्या आजाराने मला असलं काही कधी करायला लावलं नव्हतं. हे मी लाजेपायी केलं होतं, आणि ती लाज मला गिरगावात चहाच्या कपाबरोबर हातात दिली होती. मी ती घेतली होती. वर चालेल म्हटलं होतं.

गोळ्या परत सुरू झाल्या. गिरगावची मंडळी मानपानाचं बोलायला आली, तेव्हा जाऊबाई पुढे बसायच्या होत्या. मी मोरीपाशी. मी चहा घेऊन आले आणि तिथेच बसले. हात थरथरत होते, चहा बशीत सांडला.

"गोळीची माफी मी मागितली होती," मी म्हणाले. "आज परत मागते. आजाराची मागणार नाही. मंजूच्या लग्नात मी मांडवात बसणार. आणि कुणी कुणाचे पाय धुणार नाही."

ती ह्यांच्याकडे वळली. "बघितलंत? अजून हात कापतायत ह्यांचे."

"औषधाने कापतात," मी म्हणाले. "कापू देत. असेच घेऊन बसेन."

मग ती मंजूला म्हणाली, "तू ठरव."

निखिल हळूच म्हणाला, "मंजू, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

मंजू उठली. दाराबाहेर गेली. त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या, तोंड जिन्याकडे.

ती मंडळी गेल्यावर हे मला म्हणाले, "पोरीचं वाटोळं केलंस." मंजूने ऐकलं, पण माझी बाजू घेतली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी तिच्या पायथ्याशी बसले. तिला हात लावायची हिंमत नव्हती. मी हरले नव्हते, पण जिंकले असंही कुठे वाटत नव्हतं. एवढंच पक्कं होतं की ह्यापुढे मला कुणी 'ह्या' म्हटलं तर मी चालेल म्हणणार नाही. त्यात पोरीचं लग्न गेलं तरी. आणि गेलंच होतं.

दिवेलागणीला ती उठून बसली. डोळे सुजलेले. माझ्याकडे न बघता बोलली.

"लग्न तुझ्यामुळे मोडलं, हे मी तुला जन्मभर ऐकवणार आहे. उद्या इस्पितळात पण मीच नेणार. रांगेत चाळीतलं कुणी दिसलं तर मान खाली घालायची नाही. घातलीस ना आई, तर मी परत कधी येणार नाही तुझ्याबरोबर."