धडामचा म

‘धडाम’ हा शब्द मधोमध कापणारा माणूस मीच. वाचकांनी त्यावरून आमची जी काही खिल्ली उडवली, ती सगळी माझी कमाई होती. पण त्या वेळी मी ती दुसऱ्याच्या नावावर खपवली, आणि हे सांगताना आजही मला स्वतःचा राग येतो.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. शेजारच्या गाळ्यात पॅन्टच्या चेन बनतात, आमच्यात मुलांची कॉमिक्स. मी कॉम्प्युटरवर पानं लावतो आणि समोरच्या टेबलावर ताई अक्षरं काढतात. चित्रकार घरून चित्रं पाठवतो. फुग्यांतलं बोलणं आणि धप्प, फटाक, खळ्ळ असले सगळे आवाज ताई ब्रशने हाताने लिहितात. राहायला मानखुर्दला. त्यांचे वडील जयंतीचे बॅनर रंगवायचे, त्यांच्या शेजारी बसून ताई ब्रश धरायला शिकल्या. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

लिहिण्याआधी त्या वाक्य मोठ्याने म्हणतात. चोर घाबरलेला असेल तर घाबरून म्हणतात. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंना झालंय तरी काय. मग त्यांचे फुगे नीट बघितले. घाबरलेल्या वाक्यातली अक्षरं खरंच अंग चोरून बसलेली असायची. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, पट्टी न लावता, एका दमात. मला पट्टी लावूनही तशी रेघ येत नाही, यार.

एका सोमवारी मालकांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. छापील अंक आता दोनच निघणार होते. स्टॉलवाले अंक ठेवायला तयार नव्हते आणि पोरं फोनवरच वाचत होती, त्यामुळे पुढचं सगळं ॲपवर. ‘‘अक्षरं कॉम्प्युटरमधली घेऊ,’’ मालक म्हणाले. ‘‘ताई, तुम्ही हे दोन अंक पुरे करा, मग बघू.’’ ‘मग बघू’चा अर्थ आमच्या इस्टेटमध्ये चहावाल्यालाही कळतो. ताई ‘‘बरं’’ म्हणाल्या आणि ब्रश धुवायला गेल्या.

ॲप कसं चालतं ते बघायला मी एक जुनी गोष्ट त्यावर टाकली. पानातल्या चौकटी एकेक कापायच्या आणि एकाखाली एक लावायच्या, एवढंच काम होतं. एका चौकटीत चोर गच्चीवरून घसरतो, शेजारच्या चौकटीत जमिनीवर आपटतो, आणि दोन्हींवरून ताईंनी आडवा धडाम लिहिलेला. कागदावर तो एका नजरेत दिसायचा. मी मधून कापला, न बघताच. फोनवर चोर हवेत आणि त्याच्या पायाशी भल्यामोठ्या लाल अक्षरांत ‘धडा’. अंगठा सरकवला की चोर खाली आडवा आणि त्याच्या उशाशी एकटाच ‘म’.

दुसऱ्या दिवशी वाट लागली. ॲपवर गोष्टीखाली कुणी लिहिलं होतं, ‘धडा पहिला, गच्चीवर चढू नये.’ कुणी लिहिलं, ‘एक म हरवला आहे, सापडल्यास कळवा.’ मालकांनी मला बोलावलं आणि मी पटकन बोलून गेलो, ‘‘ताईंनीच दोन चौकटींत लिहिलंय ना, मी काय करणार?’’

‘‘म्हणूनच म्हणतोय, हाताचं आता पुरे,’’ मालक म्हणाले. ‘‘दुसरा अंकही फॉन्टमध्येच लाव.’’

ताईंची खुर्ची मालकांच्या दारापासून चार हातांवर. त्यांनी ऐकलं असणारच.

दुपारी डबा उघडल्यावर त्यांनी माझ्याकडे फक्त फोन मागितला. चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाजवळ धरून त्या ती गोष्ट वाचत राहिल्या. भाकरी तशीच पडून.

‘‘इथे पान कुठे संपतं रे?’’

‘‘संपतच नाही ताई. सरकवत राहायचं.’’

‘‘म्हणजे वाचणारा नुसता खाली खाली जातो.’’

‘‘हो.’’

‘‘आणि मी आपली आडवं लिहीत बसलेय.’’ हे त्या स्वतःशीच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी तोंड उघडलं नाही.

त्या दिवसापासून त्यांनी एक खटाटोप सुरू केला. पाच कागद एकाखाली एक चिकटवले आणि ती पट्टी कपाटावरून जमिनीपर्यंत सोडली. वरचं लिहायला स्टुलावर, खालचं लिहायला फतकल मारून. सगळ्यात वर ‘ध’, आणि जुन्या अंकातून कापून चिकटवलेला चोर त्याच्या शिरोरेषेला लटकलेला. शिरोरेषा कडेला तुटत आलेली. त्याखाली ‘डा’ कोलांटी खात निघालेला. मग हातभर कागद कोरा.

‘‘हे राहिलं का?’’ मी विचारलं.

‘‘राहिलं नाही, ठेवलंय. अंगठ्याला जरा वाट बघू दे.’’

आणि तळाला ‘म’, जमिनीवर सपाट पसरलेला. आयुष्यात त्यांच्याकडे कधी धड फोन नव्हता, आणि आम्ही ॲपवाले ज्यात चाचपडत होतो ते त्यांनी एका डब्याच्या सुट्टीत ओळखलं होतं. काय डोकं आहे या बाईला, एवढंच मनात येत राहिलं.

मी ती पट्टी स्कॅन करून फोनवर घेतली आणि आम्ही दोघं मालकांकडे गेलो. त्यांनी अंगठा सरकवला. कोऱ्या जागेत भुवया आक्रसल्या. ‘म’ आल्यावर हसले, परत वर गेले आणि चोराला पुन्हा पाडलं. मग मला विचारलं, ‘‘हे फॉन्टमध्ये होईल?’’

ताईंची नोकरी आता माझ्या उत्तरावर अवलंबून होती.

‘‘नाही होणार,’’ मी म्हणालो. ‘‘आणि सर, त्या दिवशी शब्द मी कापला होता. ताईंचं काहीच चुकलं नव्हतं. मी खोटं बोललो.’’

मालक ताईंकडे वळले. ‘‘तुम्ही का नाही बोललात?’’

‘‘कात्री कुणाच्या हातात असते ते तुम्हाला ठाऊक आहे साहेब. मी काय वेगळं सांगायचं?’’

मालकांनी फोन माझ्या हातात परत दिला. ‘‘पुढच्या गोष्टीतली अक्षरं ताईच काढतील,’’ ते मला म्हणाले. ‘‘आणि कापायच्या आधी त्यांना विचारायचं.’’

आम्ही बाहेर आलो. मी माफी कशी मागावी ते जुळवत बसलो होतो. ताईंनी सरावाच्या कागदांतला एक कागद शोधला, कात्रीने नीट चौकोन कापला आणि माझ्या कीबोर्डवर ठेवला. त्यावर लाल ‘म’ होता.

‘‘घे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुझा हरवला होता ना.’’