एकतीस मेला कोणी जन्मत नाही

वेळ विचारली की धनेश ती सांगतो आणि मग ओठांतल्या ओठांत साडेपाच तास वजा करतो. कोणी "उद्या" म्हणालं की "म्हणजे किती तारखेला?" असं विचारतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा रात्री बाराला देत नाही, सकाळी देतो. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचतो, पण आईने आणलेल्या बोंबलाबद्दल काही विचारत नाही. खिशात एक छोटी वही असते.

मी मराठी घेऊन एम.ए. झाले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत वेबसाइटचा मजकूर लिहिते. लोक वेबसाइटवर जे भरतात ते डेटाबेसमध्ये साठतं, आणि तो डेटाबेस धनेश सांभाळतो. तो तळवलीचा, मूळ गावातला. मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते. त्याची आई, शांतीमावशी, तीस वर्षं बाजारात मासळी विकायला बसल्या. आता बसल्या की दोघांचे हात धरून उठतात.

एक ट्रस्ट दरवर्षी गुडघ्यांची शस्त्रक्रिया फुकट करून देतं. अट अशी की एकतीस मेपर्यंत वयाची साठ वर्षं पूर्ण झालेली नसावीत. मावशींची जन्मतारीख एक जून एकोणीसशे पासष्ट. एका दिवसाने त्या अटीत बसत होत्या. पुढच्या वर्षी बसणार नव्हत्या. धनेशने अर्ज भरला. मंगळवारी निरोप आला की वय जास्त, नाव बाद. यादी बुधवारी पाच वाजता बंद होणार होती.

ट्रस्टची वेबसाइट आमच्याच कंपनीने केलेली. मी म्हटलं, मावशींची तारीख नीट कर, एकच ओळ तर आहे. त्याने ती ओळ उघडली, बघितली. मग सगळ्यांच्या ओळी उघडल्या. जन्मतारखेच्या रकान्यात एकतीस मे. खाली पुन्हा एकतीस मे. त्रेचाळीस जण.

"आमच्याकडं एकतीस मेला कोणी जन्मत नाय," तो म्हणाला.

मला कळलं नाही, तेव्हा त्याने सांगितलं. मावशींच्या पिढीत जन्मतारीख कोणी लिहून ठेवायचं नाही. शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि त्याच्या आधी एक जून लिहायचे. गावातली निम्मी म्हातारी माणसं कागदावर एकाच दिवशी जन्मली आहेत. ती सगळी एक दिवस मागे सरकली होती.

कशी, ते त्याने वहीत काढून दाखवलं. जन्मतारीख म्हणजे अख्खा दिवस, तिला घड्याळ नसतं. पण सहा वर्षांपूर्वी, नोकरीतल्या पहिल्याच कामात, त्याने तिच्यासाठी तारीख आणि वेळ असा जोड रकाना केला होता. वेळ कोणी भरत नाही, म्हणून रात्रीचे बारा धरले जातात. डेटाबेस सगळं इंग्लंडातल्या ग्रीनिचच्या घड्याळाने ठेवतो, ते आपल्या साडेपाच तास मागे. इथे एक जून लागतो तेव्हा तिथे एकतीस मेच्या संध्याकाळचे साडेसहा. पडद्यावर दाखवताना ते साडेपाच तास परत मिळवले जात, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. वय तपासणारी यादी मात्र थेट आतली तारीख उचलत होती.

कॉलेजात मी 'साहित्यातील काळ' यावर वीस पानं लिहिली होती. त्यात यातलं काही नव्हतं.

"पण ती तारीख तर गुरुजींनी मनानेच लिहिलेली," मी म्हटलं. "खरी कुठे आहे?"

"खरी की खोटी, ते मला कोणी विचारलेलं नाय. त्यांनी जे दिलं ते तसंच परत द्यायचं. एवढंच माझं काम."

बुधवारी सकाळी तो आमच्या वरिष्ठांकडे, गीतांजली मॅडमकडे गेला. चूक माझी, सहा वर्षांची, असं उभ्यानेच सांगितलं. त्यात माझी आईपण आहे, म्हणून मी केलेलं शेजारच्या टेबलावरच्या निखिलने तपासावं, असंही म्हणाला. मॅडमनी फक्त विचारलं, किती वाजेपर्यंत?

निखिल त्याला दिवसभर सोडत नव्हता. "सहा वर्षं सगळं गाव विलायतेला ठेवलंस आणि पासपोर्ट एकाचा नाय काढलास."

धनेशने नवा रकाना केला, नुसत्या दिवसाचा. मग जुन्या ओळी त्यात आणायला घेतल्या. साडेसहाच्या सगळ्या इथल्या. काही ओळींत मात्र रात्रीचे आठ होते. निखिल अडला.

"दुबई, मस्कत," धनेश म्हणाला. "तिकडं बारा वाजतात तेव्हा ग्रीनिचला आठ. पोरांनी तिकडून आईबापांचे अर्ज भरलेत."

मी त्या ओळी बघत राहिले. मुलगा किती लांब बसलाय ते तासांत साठून राहिलं होतं, आणि हा माणूस ते वाचत होता.

बाकीच्यांना एका दिवसाने फरक पडत नव्हता; पासष्ट सालची चार नावं साडेचारला यादीत परत आली. तिसरं मावशींचं.

घरी त्याने त्यांना सगळं सांगितलं, चुकीसकट. मावशी पाय लांब करून कोळंबी सोलत होत्या.

"गुरुजींनी दिलेली एकच तारीख व्हती माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "ती पन तुला सांभालता नाय आली?" मग त्याच्या ताटात जास्तीची कोळंबी वाढली.

मला वाटलं, संपलं. गुरुवारी तो मागच्या पाच वर्षांच्या याद्या घेऊन बसला होता. त्या एका दिवसाने नऊ जण बाद झाले होते. त्याला कोणी हे विचारलं नव्हतं. मॅडम ट्रस्टशी बोलल्या. आज वय कितीही असो, त्या नऊ जणांना घेऊ, असं ट्रस्टने कबूल केलं. आता धनेश दर रविवारी एकेकाचं घर गाठतो आणि दारातच सांगतो की चूक माझ्या हातून झाली. दोघींनी शिव्या दिल्या. एकाने चहा पाजला. एकजण आता अंथरुणातून उठत नाही.

वहीत आठ नावांपुढे खूण आहे. नववं नाव भैरू, गाव शिरवणे. फोन बंद, घर बदललेलं. त्या नावाखाली पेन्सिलीने पुढच्या रविवारची तारीख लिहिली आहे, तीनदा खोडून.